सदनाची जागा

गेल्या महिन्यात दादाच्या घराचं रंगकाम निघालं आणि माळ्यावरची ट्रंक खाली आली. पत्र्याची, काळा रंग पोपडे होऊन उडालेला, एका बाजूची कडी निखळलेली. आत दोन जुनी बोचकी, एक फुटका फिरकीचा तांब्या आणि दिवाळीच्या पणत्या. वहिनी म्हणाली, "भंगारवाल्याला देऊन टाकू या का?" दादा आणि मी एकदमच "नको" म्हणालो. वहिनी बघतच राहिली. पुतण्या-भाच्यांनाही ही ट्रंक का ठेवली आहे ते माहीत नाही, म्हणून लिहायला बसले. लिहिता लिहिता ट्रंकेपेक्षा पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनाचंच जास्त झालं आहे. चाळीस वर्षं इतिहास-मराठी शिकवल्याची खोड, दुसरं काय!

ट्रंक आत्याबाईंची. आत्याबाई म्हणजे माझ्या आजोबांची थोरली बहीण. जन्म १८८२चा, लग्न आठव्या वर्षी, आणि दहाव्या वर्षी, म्हणजे १८९२त, कपाळ पांढरं. मी पाहिल्या त्या साठी-सत्तरीतल्या, लाल अलवणातल्या, स्वयंपाकघराच्या चुलीपाशी उकिडव्या बसलेल्या. १९६० साली गेल्या तेव्हा मी दहा वर्षांची होते. त्यांना वाचता येत नव्हतं. मी पहिलीत गेल्यावर माझी पाटी घेऊन बसायच्या, 'ग' कसा काढतात ते बघायच्या आणि कोणी आलं की पाटी बाजूला सारायच्या.

ही ट्रंक त्यांच्या वडिलांनी, म्हणजे आमच्या पणजोबांनी, १८९३च्या उन्हाळ्यात करून घेतली होती. पणजोबा कचेरीत कारकून. आगरकरांचा 'सुधारक' चोरून वाचणारे. चोरून अशासाठी, की घरात त्यांच्या आईचा शब्द चालायचा. मुलीला दसऱ्यानंतर शारदा सदनात ठेवायची असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. सदन तेव्हा पुण्यातच होतं, पेठांच्या बाहेर. शनिवार पेठेतून टांग्याने अर्ध्या-पाऊण तासाचं अंतर. पण तिथे राहायचं म्हणजे कपडे-अंथरूण हवं, म्हणून ट्रंक. ऑगस्टात बातमी आली की रानडे आणि भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पणजोबांच्या आईने एवढंच विचारलं म्हणे, "रानडे-भांडारकर बाहेर पडले तिथे लेक आत घालणारा तू कोण?" ट्रंक माळ्यावर गेली.

आमच्या घरातली गोष्ट एवढीच. आता बाहेरची सांगते, कारण ती नीट कळल्याशिवाय आमच्या पणजोबांना भित्रं ठरवायचं की नाही, हे मला इतकी वर्षं ठरवता आलेलं नाही.

रमाबाईंचं पूर्वचरित्र बहुतेकांना ठाऊक आहे, तेव्हा भराभर सांगते. अनंतशास्त्री डोंगरे यांची ही मुलगी १८५८ साली जन्मली. वडिलांनी बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं आणि कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत हिंडत राहिलं. १८७४च्या सुमाराच्या दुष्काळात थोड्या थोड्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण गेली. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास, दोघं पायी हिंदुस्थान हिंडत १८७८ साली कलकत्त्याला पोचले, तिथे त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. भाऊ गेला, बंगाली वकिलाशी लग्न झालं, मुलगी मनोरमा झाली, आणि १८८२ साली पतीही गेले. त्याच साली त्या पुण्यात आल्या, आर्य महिला समाज काढला, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली. पुढच्या वर्षी विलायतेला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे बाप्तिस्मा घेतला. पुण्यात काय गदारोळ झाला असेल, कल्पना करा.

अनाथ मुलींसाठी, बालविधवांसाठी घर काढायचं हे त्यांच्या डोक्यात आधीपासून होतं. प्रश्न पैशाचा होता. इथल्या श्रीमंतांकडून तो मिळायची चिन्हं नव्हती. १८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या त्या जवळजवळ तीन वर्षं अमेरिकेत राहिल्या. 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक १८८७ साली लिहिलं. आनंदीबाईंच्या कॉलेजच्या प्रमुख रेचेल बॉडली यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. प्रती हजारोंनी खपल्या आणि त्याचे पैसे बाईंनी कामाला लावले. गावोगाव भाषणं दिली, ठिकठिकाणी 'रमाबाई सर्कल' म्हणून मंडळं निघाली, आणि १३ डिसेंबर १८८७ रोजी बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल हे युनिटेरियन धर्मोपदेशक. उपाध्यक्षांत वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांचे लोक.

या असोसिएशनने दोन गोष्टी ठरवल्या आणि पुढचं सगळं रामायण त्या दोन गोष्टींतून झालं. पहिली: दहा वर्षं पैसा देऊ. दुसरी: शाळेत धर्म शिकवायचा नाही.

वेगवेगळ्या चर्चच्या माणसांनी एकत्र येऊन एका ख्रिस्ती बाईला पैसे दिले, पण धर्मप्रसारासाठी नव्हे! हे मला पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरंच वाटलं नव्हतं. मिशनऱ्यांचा पैसा म्हणजे बाटवायचा पैसा, हे आमच्या घरात गृहीतच होतं. पण इथे तसं नव्हतं. रमाबाईंनीच बजावलं होतं की ब्राह्मण घरांतल्या विधवा बाटवाबाटवीच्या संस्थेत कधी यायच्या नाहीत, तेव्हा दार उघडं ठेवायचं असेल तर शाळा तटस्थ हवी.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झालं. समारंभाच्या अध्यक्षस्थानी काशीबाई कानिटकर होत्या. मुली दोन. पुढे लवकरच नरहरपंत जोशी आपल्या विधवा बहिणीला घेऊन आले. ही गोदूबाई, सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी. हे नाव लक्षात ठेवा.

(एक गंमत सांगू का? आनंदीबाई डॉक्टर झाल्या ती तारीख ११ मार्च १८८६. सदन उघडलं ११ मार्च १८८९. आणि याच गोदूबाईंचं पुनर्विवाहाचं लग्न लागलं तेही ११ मार्च १८९३. मी वर्गात सनावळ्या पाठ करून घ्यायची तेव्हा ही तीन एका दमात सांगायची. पोरांना बाकी काही आठवत नसलं तरी ११ मार्च आठवतो!)

मुंबईची जागा भाड्याची, आणि मुंबई महाग. नोव्हेंबर १८९०मध्ये सदन पुण्याला आलं. इथे राहणं स्वस्त, हवा चांगली, आणि ज्यांच्या मुली यायच्या ती घरंही इथलीच. पण मुहूर्त पाहा. त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, १४ ऑक्टोबर १८९० रोजी, पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं दिली गेली, ती रानडे, टिळक आणि इतर प्रतिष्ठितांच्या पुढ्यात आली आणि आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी यांनी हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव' पत्रात छापवून आणली. मग ग्रामण्य, प्रायश्चित्त, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण. चहाच्या एका कपाने जे गाव इतकं ढवळून निघालं, त्या गावात एक ख्रिस्ती झालेली ब्राह्मण विधवा ब्राह्मणांच्या विधवा मुली सांभाळायला येत होती. त्याच्या पुढच्या साली संमतिवयाचा वाद पेटायचा होता.

तरीही पहिली दोन-अडीच वर्षं बरी गेली. १८९२ साली असोसिएशनच्या पैशातून पुण्यात सदनाची स्वतःची जागा झाली. बंगला, भोवती बाग. मी शिक्षिका, त्यामुळे मला त्यातलं शाळेचं अंग फार आवडतं. रमाबाई अमेरिकेत किंडरगार्टनची पद्धत शिकून आल्या होत्या, ती त्यांनी इथे आणली. मुलींच्या जेवणाखाण्यात जातीचे नियम पाळण्याची मोकळीक होती, व्रतवैकल्यांना आडकाठी नव्हती. डोकं भादरलेल्या दहा-बारा वर्षांच्या पोरींना बागेत झाडांची नावं शिकवणारी शाळा, तीही १८९२ साली! आमच्या आत्याबाई त्याच वर्षी विधवा झाल्या, त्याच गावात.

मग बिघडलं कुठे? बिघडलं रमाबाईंच्या खोलीच्या दारात. त्या रोज सकाळी मनोरमेबरोबर आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार बंद करत नसत. काही मुली येऊन बसू लागल्या. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी हाकललंही नाही. रमाबाईंचं म्हणणं असं, की धर्म शिकवणार नाही असं वचन मी दिलं, माझा धर्म लपवून ठेवीन असं दिलं नव्हतं. 'केसरी'चा रोख असा, की मिशनची शाळा काढायची तर उघड काढा, तटस्थ म्हणून मुली घेऊ नका. आईबापांनी मुली दिल्या त्या रानडे-भांडारकरांच्या नावावर.

मला दोन्ही म्हणणी पटतात, हीच माझी अडचण. वर्गात बाई ज्या गोष्टीवर प्रेम करतात तिकडे मुली खेचल्या जातात, हे मी चाळीस वर्षं पाहिलं आहे. मी कविता शिकवताना कधी कोणाला सांगितलं नाही की कविता करा, पण दरवर्षी दोघी-तिघी करायच्याच. तेव्हा दार उघडं ठेवणं म्हणजे काहीच न करणं, असं मला म्हणवत नाही. पण मग बाईंनी स्वतःच्या घरात दार लावून देवाचं नाव घ्यायचं का? ज्या मुलींच्या तोंडावर बाहेरच्या जगाने दारं लावली होती त्यांच्यासमोर आणखी एक दार लावायचं? दादाचं मत स्पष्ट आहे. तो म्हणतो, "करार तो करार." धाकटी वहिनी म्हणते, "तुम्हाला दोघांना त्या पोरींना काय वाटत होतं ते कुठे माहीत आहे?" ते मात्र खरं आहे.

ऑगस्ट १८९३मध्ये रानडे, भांडारकर आणि मंडळी सल्लागारपदावरून दूर झाली, आणि सदन आता तटस्थ राहिलेलं नाही असं त्यांनी जाहीर केलं. वीसपंचवीस मुली घरच्यांनी काढून नेल्या. सदन बंद पडलं नाही, कारण पैसा बॉस्टनचा होता, आणि बॉस्टनने हात काढून घेतला नाही. पण पुण्याच्या पेठांमधून सदनाकडे जाणारी वाट तेव्हा मोडली, ती मोडलीच. आमची ट्रंक माळ्यावर गेली ती याच महिन्यात. त्या काढून नेलेल्या मुलींच्या घरी काय झालं असेल, ते मला आत्याबाईंवरून थोडंफार कळतं.

आता रमाबाईंच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. गावातून मुली येणं आटलं आहे. दहा वर्षांचं वचन १८९८ साली संपणार आहे. जागा आहे, पण उद्या पैसा थांबला तर बंगल्याच्या भिंती काही मुलींना जेवू घालणार नाहीत. इथे या बाईचा व्यवहारीपणा दिसतो, ज्याबद्दल कोणी फारसं लिहीत नाही. सगळे त्यांची विद्वत्ता नाहीतर धर्मांतर यावरच लिहितात. त्यांनी शेतजमीन घेतली! पुण्यापासून दौंडच्या वाटेवर केडगावला सुमारे १०० एकर माळ, आगगाडीच्या स्टेशनाजवळ. हेतू असा, की विहिरी खणायच्या, फळबाग लावायची आणि अमेरिकेचा पैसा थांबेल त्या दिवशी बागेच्या उत्पन्नावर सदन चालवायचं. देणगीदार आज आहे, उद्या नाही. जमीन असेल तर काहीतरी उगवतं. ज्या मुलीच्या घरची माणसं दुष्काळात अन्नावाचून गेली तिला हे सांगायला कोणी लागलं नसणार.

पण झाडांना फळं धरायच्या आधीच १८९६-९७चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातून येणाऱ्या बातम्या ऐकून रमाबाईंना स्वतःचं लहानपण आठवलं असणार. त्या उठून तिकडे गेल्या आणि रस्त्यांवर पडलेल्या, दलालांच्या हाती लागायच्या बेतात असलेल्या मुली आणि बायका घेऊन आल्या. हळूहळू तीनेकशे झाल्या. या ब्राह्मणांच्या बालविधवा नव्हत्या. सगळ्या जातींच्या, शेतकरी, मजूर, कोणाच्या कोण. ज्यांच्या धर्माची काळजी करायला पुण्यात कोणी सभा भरवत नव्हतं, अशा.

त्याच सुमारास पुण्यात प्लेग. बाहेरून शेकड्यांनी माणसं शहरात आणायला अधिकाऱ्यांची मनाई. मग या मुलींना कुठे ठेवायचं? केडगावच्या माळावर. आधी तंबू, छपरं, झोपड्या. बागेसाठी घेतलेली जमीन माणसांसाठी कामाला आली. म्हणजे कायमची जागा शोधून, नकाशा काढून, ठराव करून झाली नाही. पोटाची सोय म्हणून घेतलेल्या रानात प्लेगने त्यांना नेऊन टाकलं.

प्लेगवरून आठवलं. सदनातल्या एका मुलीला प्लेगच्या अधिकाऱ्यांनी इस्पितळात नेलं आणि ती परत हाती लागली नाही, यावर रमाबाईंनी १८९७ साली 'बॉम्बे गार्डियन' पत्रात सरकारी बंदोबस्ताचे वाभाडे काढले. ते प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेलं आणि गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी आरोप नाकारले. सरकारच्या मांडीवर बसलेली म्हणून जिला पुण्याने नावं ठेवली तिने हे लिहिलं, तेही रँडच्या खुनाच्या आधी. आमच्या पाठ्यपुस्तकात रँड होता, चापेकर होते. हे पत्र नव्हतं. मीही कधी शिकवलं नाही. मला ते निवृत्त झाल्यावर कळलं.

१८९८ साली दहा वर्षं भरली. रमाबाई अमेरिकेला गेल्या, हिशेब मांडला. जुनी असोसिएशन विसर्जित होऊन मदत चालू ठेवण्यासाठी नवी अमेरिकन रमाबाई असोसिएशन निघाली. त्याच वर्षी सप्टेंबरात केडगावच्या पक्क्या इमारतीचं, मुक्ती सदनाचं, उद्घाटन झालं. मुक्ती सदन उघडउघड ख्रिस्ती होतं. तटस्थतेचं वचन तिथे नव्हतंच, त्यामुळे मोडायचा प्रश्नही नव्हता. पुढे शारदा सदनही पुणं सोडून तिकडेच गेलं. १९००च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली वस्ती दोन हजारांच्या घरात गेली. पैसा इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलिया, कुठून कुठून येई. बाई म्हणत मी माणसांजवळ मागत नाही, देवाजवळ मागते. अर्थात 'मुक्ती प्रेयर बेल' नावाचं इंग्रजी पत्रक निघत होतं आणि त्यात गरज काय आहे ते कळत होतंच. (मी हे कुचेष्टेने म्हणत नाही. आमच्या शाळेच्या खोल्यांसाठी वर्गणी गोळा करायला मी दारोदार हिंडले आहे, तेव्हा देवाजवळ मागितलं तरी पावतीपुस्तक जवळ लागतं, हे मला माहीत आहे.)

आणि नुसता बाहेरचा पैसाही नव्हता. विणकाम, छापखाना, दुधाची गुरं, शेती, सगळं मुली करत. आंधळ्यांना ब्रेल शिकवण्याचा वर्ग होता, म्हाताऱ्यांसाठी प्रीती सदन होतं, फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन होतं. बायबलाचं सोप्या मराठीतलं भाषांतर बाईंनी स्वतः केलं आणि ते तिथल्याच छापखान्यात, मुलींच्या हातांनी छापलं गेलं. मनोरमाबाई १९२१ साली गेल्या आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई.

आता गोदूबाईंकडे येते. सदनात चार वर्षं शिकल्यावर त्यांचं लग्न फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणाऱ्या एका विधुराशी झालं. ते धोंडो केशव कर्वे, आणि गोदूबाई झाल्या आनंदीबाई कर्वे, सगळ्यांच्या बाया. मुरूड गावाने कर्व्यांना वाळीत टाकलं. सल्लागारांच्या राजीनाम्याच्या पाच महिने आधीचं हे लग्न. सदन पुण्याला परकं झाल्यावर, तसंच काम पण आपल्या धर्मात राहून कोणीतरी करायला हवं, ही गरज कर्व्यांनी ओळखली. १४ जून १८९६ रोजी त्यांनी अनाथ बालिकाश्रम मंडळी काढली, स्वतःच्या शिलकीतले हजार रुपये घातले आणि मंडळीचे अध्यक्ष कोण? डॉ. भांडारकर!

त्यांनाही जागा मिळाली ती प्लेगमुळेच. शहरात भाड्याच्या घरात आश्रम चालवणं अशक्य झालं तेव्हा रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याची सहा एकर जमीन आणि इमारतीसाठी ७५० रुपये दिले. १९०० साली तिथे पाचेकशे रुपयांत एक झोपडी उभी राहिली. कर्वे दिवसभर कॉलेजात शिकवून संध्याकाळी चिखल तुडवत चार मैल चालत हिंगण्याला जात. त्यांचा पैसा कसा जमला? चार आणे, आठ आणे, एखादा रुपया असा. पुढे बायांच्या बहिणीने, पार्वतीबाई आठवल्यांनी, गावोगाव फिरून वर्गणी गोळा केली, आणि तिथल्यासुद्धा अपुऱ्या पडल्या तेव्हा त्या अमेरिकेला गेल्या. जिथे रमाबाई गेल्या होत्या तिथेच.

एकाच सदनाच्या पोटातून निघाल्यासारख्या या दोन जागा. एक केडगावच्या माळावर परदेशच्या देवभोळ्या बायकांच्या डॉलरांवर, एक हिंगण्याच्या चिखलात आणे-पैशांवर. दोघींमध्ये पुणं शहर. आणि दोघींनाही कायमची जागा शहराच्या बाहेरच मिळाली.

तुम्ही विचाराल, १९०० साली हिंगणं झालं होतं ना? मग आत्याबाईंना तिथे का नाही पाठवलं? मीही आजोबांना हेच विचारलं होतं. तोपर्यंत पणजोबा प्लेगमध्ये गेले होते. आत्याबाई अठरा वर्षांच्या, सोवळ्या झालेल्या. पणजीला दमा. घरात चार धाकटी भावंडं, त्यांत आमचे आजोबा. "ती गेली असती तर आम्हाला जेवू कोणी घातलं असतं?" आजोबा म्हणाले होते. त्यांच्या आवाजात अपराध नव्हता, नुसतं सांगणं होतं. आजोबा मॅट्रिक झाले, नोकरीला लागले, माझे वडील बी.ए. झाले, मी बी.ए. झाले, शिक्षिका झाले. यातलं किती आत्याबाईंच्या चुलीवर शिजलं याचा हिशेब कोणी मांडलेला नाही.

ट्रंक खाली आल्यावर आठवड्याने मी दौंडच्या शटलने केडगावला गेले. एकटीच. गुडघे कुरकुरत होते, पण बसायला जागा मिळाली. लोणी, उरुळी, यवत, खुटबाव. केडगावच्या आसपास गुऱ्हाळं आहेत, गाडीचं दार उघडं असलं की उसाच्या रसाचा वास येतो. मुक्ती मिशन अजून आहे, मुली-बायका अजून राहतात. दगडी चर्च पाहिलं. रमाबाईंच्या कबरीपाशी थोडा वेळ उभी राहिले. हात जोडावेत की काय करावं कळेना, शेवटी जोडले. कंपाउंडात एक आठ-दहा वर्षांची मुलगी झाडाखाली बसून काहीतरी लिहीत होती. मी सवयीने वाकून पाहिलं. पाढे होते, तेराचा चुकला होता.

मी तिला चूक दाखवली. तिने खोडून नीट लिहिला आणि विचारलं, "तुम्ही कोणाला भेटायला आलात आजी?"

मी म्हटलं, "इथे यायची होती एक जण. आली नाही."

"मग कधी येणारेय?"

परतीच्या गाडीला वेळ होता म्हणून मग आम्ही चौदाचा आणि पंधराचाही केला.

ट्रंक आता माझ्याकडे आणली आहे. कडी बसवून घ्यायची आहे.